अम्माची पातळं

माणूस जातं ते कपडे बदलून जातं. आमच्यात पुरुषाच्या कफनात तीन वस्त्रं असतात, बाईच्या पाच. सगळी पांढरी, बिनशिलाईची. ना काठ, ना पदर, ना खिसा. रंगीत, काठापदराचं, ठिगळाचं जे काही असतं ते इथंच राहतं. त्या राहिलेल्या कपड्यांचं आमच्या घरी काय झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आमची अम्मा २०२३ च्या पावसाळ्यात गेली. वय झालं होतं. तिसऱ्या दिवशी जियारत झाली, पाहुणे पांगले आणि भाभींनी तिची पत्र्याची ट्रंक उघडली. एकवीस पातळं निघाली. सहावारी, सुती, बहुतेक इचलकरंजीच्या मागावरची. वास तोच, कापूर आणि तंबाखूचा. थोरले भाई म्हणाले, ‘चाळिसाव्याच्या आत गोरगरिबांना देऊन टाकू. तिला सवाब पोचेल.’ रीत तशीच आहे. पण धाकटी बहीण म्हणाली, ‘मला गोधड्या शिवायच्यात.’

भाई प्राथमिक शाळेत मास्तर होते. नियमाला पक्के. ते म्हणाले, ‘मयताचे कपडेसुद्धा तरक्यात येतात. सुईदेखील वाटणीत धरायची असते. एकट्यानं उचलून न्यायची नाही.’

वाटणी हा शब्द आला आणि धाकटी गप्प झाली. त्याला कारण होतं. घर अम्माच्या नावावर. शरीयतीप्रमाणे आम्हा दोन भावांना दोन-दोन वाटे आणि बहिणीला एक, म्हणजे पाचांतला एक वाटा तिचा. पण आपल्याकडे बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करायची, चोळीबांगडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, असा रिवाज पडला आहे. यात हिंदू-मुसलमान असा फरक फारसा दिसत नाही. हिंदू घरांत कायद्यानं दिलेलं, आमच्या घरांत कुराणानं दिलेलं. दोन्हीकडं रिवाज ते काढून घेतो, आणि बहिणीच्या राजीखुशीनं घेतो असंही लिहून घेतो. आमचाही कागद टाइप होऊन भाईंच्या कपाटात तयार होता.

कपड्यांचा तिढा भाभींनी सोडवला. त्यांनी पातळांचे दोन ढीग केले. बारा धडकी, नऊ विरलेली. म्हणाल्या, ‘स्वतः घेताना डोळे मिटून घ्यावं लागेल असलं दान देऊ नका, असं कुराणातच आहे ना? मग ही नऊ देणार कुणाला?’ भाईंना उत्तर सुचलं नाही. बारा चाळिसाव्याच्या आत गेली. नऊ राहिली.

आणि खरं सांगायचं तर गोधडीला विरलेलंच कापड लागतं. खळ गेलेली असते, सुई लोण्यातून जावी तशी जाते. नवं कापड सुईशी भांडतं. साडेपाच मीटरचं पातळ तिघडी केलं की सहा फुटी लांबीचे तीन थर होतात. दोन पातळं म्हणजे सहा थर, म्हणजे एका माणसाची गोधडी. आठांच्या चार होणार, नववं ठिगळांना आणि कोपऱ्यांना.

दर रविवारी धाकटी एस.टी.नं यायची. सोप्यात सतरंजी टाकायची, तिच्यावर पातळं अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, जे सापडेल ते वजन. आधी कडेनं धावदोरा, मग दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून आत आत यायचं. दोरा ओढला तर चुण्या पडतात, ढिला सोडला तर थर सरकतात. बंगालात याला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. फकिरांची गुदडी तर आपण सगळ्यांनी पाहिलेली. माझ्याकडं सुया ओवायचं काम होतं. कवी माणसाला घरात यापेक्षा जबाबदारीचं काम कुणी देत नाही.

तिसऱ्या रविवारी भाई बाहेरून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि खाली बसले. भाभी हसल्या. भाई म्हणाले, ‘हसायला काय झालं? हुजूर स्वतःचे कपडे स्वतः शिवायचे, जोडे सांधायचे. हजरत आयेशांनी सांगितलंय.’ आणि सुई घेतली. त्यांचे टाके पाहण्यासारखे होते. दुरेघी वहीत लिहिल्यासारखे.

दुसऱ्या गोधडीच्या वेळची गोष्ट. सगळ्यांच्या माना खाली. अम्मा दोरा दातानं तोडायची आणि दात पडल्यावरही सवयीनं तोंडाकडं न्यायची, असं काहीतरी बोलणं चाललं होतं. मध्येच धाकटीनं विचारलं, ‘भाई, त्या कागदावर सही कधी करायची?’ आवाजात रुसवा नव्हता. भाईंनी मान वर केली नाही. चार-पाच टाके घातले. मग घरच्या दखनीत म्हणाले, ‘नक्को करू.’ आणि माझ्याकडं हात केला, ‘दोरा दे.’

त्यावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात भाई मला घेऊन गेले आणि वारसनोंदीचा अर्ज दिला, तीन नावांचा. ते एवढे मवाळ का झाले हे मी विचारलेलं नाही. उताऱ्यावर नावं चढायला पाच महिने लागले. तोवर चारही गोधड्या पुऱ्या होत आल्या होत्या.

गोधडी मधोमध येऊन संपते. तिथं तळहाताएवढी जागा उरली की अम्मा भाकरीचा वाळका तुकडा आत घालून मगच शिवायची. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणायची. भाई म्हणाले, ‘याला कशाचाही आधार नाही. मुंग्या लागतील.’ धाकटी थांबून राहिली. शेवटी तेच उठले, शिंकाळ्यातली भाकरी आणली आणि नखाएवढा तुकडा मोडून दिला. चारींत घातला.

कुणी कुठली घ्यायची यावर थोडी कुरबूर झालीच. शेवटी जास्त शिवलं तिनं, म्हणून दोन धाकटीला आणि एकेक आम्हाला. ‘शरीयत उलटी झाली,’ भाभी म्हणाल्या. भाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या वाट्याला त्यांच्या टाक्यांची गोधडी आली आहे. दिसायला झकास, पण टाके इतके घट्ट घातलेत की अंगावर घेतली तर ती अजून ताठच राहते.