संगणकीय सेवेची भार-चाचणी आणि तिची पूर्वतयारी



निकाल, दाखले, शिधापत्रिका यांसाठी पूर्वी कचेरीच्या खिडकीपुढे रांग लागत असे. आता पुष्कळ ठिकाणी ती संगणकापुढे लागते, आणि डोळ्यांना दिसत नाही. खिडकीपुढची रांग वाढली की दुसरी खिडकी उघडता येई. संगणकापुढील रांग वाढल्याचे अनेकदा सेवा बंद पडल्यावरच कळते. तोवर तालुक्याच्या गावी आलेला मनुष्य दिवसाची मजुरी व गाडीभाडे गमावून परत निघालेला असतो. म्हणून सेवा जनतेच्या हाती देण्यापूर्वी तिच्यावर कृत्रिम गर्दी सोडून तिची शक्ती अजमावावी लागते. यालाच लोड टेस्टिंग, अर्थात भार-चाचणी, म्हणतात.

अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आरोग्यविम्यासाठी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता. आले अडीच लाखांपर्यंत. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या ६ जणांची. विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडण्याची सक्ती असल्याने सारी गर्दी एकाच दारात तुंबली. विशेष म्हणजे, उद्घाटनापूर्वी काही दिवस घेतलेल्या चाचणीत काहीशे कृत्रिम वापरकर्त्यांनीच यंत्रणा कोलमडली होती. चाचणी झाली होती, परंतु तिचे ऐकण्याइतका अवधी शिल्लक ठेवलेला नव्हता. पुढे दोन महिने खपून ४०० हून अधिक दुरुस्त्या कराव्या लागल्या.

तयारीचा आरंभ आकडेमोडीने व्हावा. समजा, ६० हजार विद्यार्थ्यांचा निकाल दुपारी १ वाजता लागणार आहे आणि त्यांपैकी निम्मे पहिल्या १० मिनिटांतच येतील. म्हणजे दर सेकंदाला ५० जण आले. प्रत्येक जण ३ मिनिटे थांबला, तर ५० गुणिले १८० सेकंद, म्हणजे एका वेळी ९ हजार माणसे आत असतील. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा रांगेचा नियम बँकेच्या खिडकीलाही लागू पडतो. वर्षाच्या एकूण आकड्यास ३६५ ने भागून काढलेला अंदाज येथे निरुपयोगी होय. जत्रेचा मांडव रोजच्या देवदर्शनाच्या हिशेबाने कोणी घालत नाही.

दुसरी गोष्ट, कृत्रिम गर्दीने खऱ्या माणसांसारखे वागले पाहिजे. एकच आसनक्रमांक हजार वेळा विचारला, तर सर्व्हर तेच उत्तर जवळ राखून ठेवतो व झटपट देतो. चाचणी उत्तीर्ण होते आणि खऱ्या दिवशी फजिती होते. क्रमांक निरनिराळे हवेत, मध्ये वाचण्यापुरता विराम हवा, काहींनी चुकीचा क्रमांकही घालावा. कोठारात शंभर नमुना-नोंदी नव्हे, तर प्रत्यक्षाइतक्या लाखो नोंदी भराव्यात. मात्र त्यांत खऱ्या नागरिकांची नावे असू नयेत. अपाची जेमीटरसारखी साधने विनामूल्य मिळतात. खर्च होतो तो विचाराचा.

बाहेरच्या सेवांचाही विचार हवा. भारतात २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी 'कोविन'वर लसीची नोंदणी खुली झाली. पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. परंतु अनेकांना ओटीपीची वाट पाहत बसावे लागले. संदेश पाठविणारी यंत्रणा, पैसे स्वीकारणारी बँक, यांची क्षमता आधी लेखी विचारून घ्यावी. त्यांना न कळविता त्यांच्यावर चाचणीची गर्दी सोडणे मात्र गैर.

यशाची मोजपट्टीही चाचणीपूर्वीच ठरवावी. शंभरांपैकी ९५ जणांना १ सेकंदात आणि ५ जणांना ४० सेकंदांनी उत्तर मिळाले, तर सरासरी ३ सेकंदांच्या आतच दिसते. अहवाल गोंडस होतो. ते ५ जण ताटकळतात, आणि बहुधा त्यांचेच जाळे मंद असते. म्हणून 'शंभरांतील ९५ जणांना ३ सेकंदांत, ९९ जणांना ६ सेकंदांत' असे बंधन घालावे.

गर्दी टप्प्याटप्प्याने वाढवावी, म्हणजे प्रथम काय दमते हे कळते : सर्व्हर, माहितीचे कोठार की जाळे. त्या वेळी कोठार सांभाळणारा, जाळे पाहणारा व निर्णय घेणारा अधिकारी हे तिघेही हजर असावेत. पहिली चाचणी उद्घाटनाच्या निदान दीड-दोन महिने आधी घ्यावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ती पुन्हा करावी. शेवटच्या चाचणीतही ठरलेली मर्यादा गाठली नाही, तर तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नमूद असावे.