निकाल यंत्रापर्यंत पोहोचावा



कामगार कायद्याच्या वकिलांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. कामगार कायद्यात आणि विशेषतः अपघातांच्या खटल्यांत वकिलाचे आयुष्य कसे जाते, यावर बोला, असे संयोजकांनी सुचवले होते. मी आठवणी सांगणार नाही. इतकी वर्षे हे काम करून जे एक मत पक्के झाले आहे, तेवढेच मांडते. भरपाईचा हुकूम झाला की आपण फाइलला दोरी बांधतो. ज्या यंत्राने हात नेला ते मात्र त्या दिवशीही तसेच चालू असते आणि त्याच्यासमोर दुसरा मुलगा उभा असतो. आपला निकाल कामगाराच्या बँक खात्यापर्यंत जातो. तो यंत्रापर्यंत गेला पाहिजे, आणि तिथे नेणे हे वकिलाचेच काम आहे.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची पहिली अनुसूची आपल्यापैकी अनेकांना पाढ्यांसारखी पाठ असेल. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा पगार महिना १५,००० रुपये धरा. २०२० पासून हिशोबासाठी यापेक्षा जास्त पगार धरताच येत नव्हता. त्याचे साठ टक्के ९,०००, त्याला वयाचा गुणक २१६.९१, आणि आलेल्या रकमेचे १४ टक्के. उजव्या हाताची तर्जनी झाली सुमारे २ लाख ७३ हजारांची. कागदावर हिशोब बिनचूक असतो. पण पक्षकाराच्या समोर बसून तो करताना पेन जड होते, आणि ते जड व्हायलाच हवे.

या अनुसूचीच्या पलीकडे पाहायला सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात शिकवले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. अनुसूची पाहिली तर अपंगत्व अंशतः होते. न्यायालयाने पाहिले ते त्याचे काम: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. भरपाई अपघाताच्या तारखेपासूनच देय होते, हेही त्याच निकालाने ठरले. चार न्यायमूर्तींच्या या निकालाला सुमारे पन्नास वर्षे झाली, तरी आजही विमा कंपनीचे वकील डॉक्टरच्या दाखल्यातली टक्केवारी वाचून खाली बसतात, आणि आपल्यातलेही काही जण तीच टक्केवारी मान्य करून मोकळे होतात. कामगार काय काम करत होता, ते कसे करत होता, कोणत्या हाताने करत होता, हे विचारल्याशिवाय अर्ज लिहूच नये.

आता पॉवर प्रेसबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण माझ्याकडे आलेली सर्वाधिक बोटे प्रेसनेच नेलेली आहेत. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक पट्ट्यांत मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या छोट्या शॉपमध्ये कामगार डायमध्ये पत्रा ठेवतो, पेडल दाबतो, रॅम खाली येतो, तयार भाग हाताने बाहेर काढायचा आणि पुढचा पत्रा ठेवायचा. पाळीभर हेच. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये क्लचची की झिजली की पेडल एकदा दाबूनही रॅम दोनदा येतो. प्रेस डबल पडला, असे कामगार म्हणतात. पहिल्या ठोक्यानंतर भाग काढायला हात आत गेलेला असतो आणि त्याच वेळी दुसरा ठोका येतो. हे टाळायला काय लागते ते प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला ठाऊक असते: क्लचची ठरल्या मुदतीत तपासणी, डायभोवती जाळी, हाताऐवजी चिमटा. हात आत असताना कामगाराकडूनच प्रेस चालू होऊ नये म्हणून पेडलच्या जागी दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणे, आणि ठोका अर्ध्यात थांबवता येणाऱ्या प्रेसवर प्रकाशकिरण तुटला की रॅम थांबवणारा सेन्सर. यात नवीन शोध लावण्यासारखे काही नाही.

न्यायालयात मात्र मालकाची कैफियत ठरलेली असते. कामगाराने सेन्सर स्वतःच बंद केला. दोनपैकी एक बटण त्याने पाचर ठोकून दाबून ठेवले होते. कायद्यातही त्यासाठी जागा आहे: कामगाराने सुरक्षासाधन मुद्दाम काढले असेल तर भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मात्र हा बचाव चालत नाही. म्हणजे दोन बोटे गेलेल्या माणसाविरुद्ध तो चालतो, आणि आपल्याकडे येणारे बहुतेक तसेच असतात.

अशा एका खटल्यात सुपरवायझरची उलटतपासणी घेताना मी पाचर कोणी ठोकली हे विचारलेच नाही. उत्पादनाचे पत्रक मागवून घेतले. पाळीत किती नग काढायचे, जेवणाची सुट्टी वजा करून किती मिनिटे उरतात, दोन्ही बटणे दाबून एक नग काढायला किती सेकंद लागतात, एवढेच विचारत गेले. गुणाकार त्यानेच केला, साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून. दोन्ही बटणे वापरली तर ठरवून दिलेले नग निघूच शकत नाहीत, हे त्याच्या तोंडून नोंदीवर आले. पाचर कोणाच्याही हाताने ठोकलेली असो, ती त्या पत्रकाने ठोकायला लावली होती.

कामगाराला भरपाई मिळाली. पण नगांचा आकडा कमी करा किंवा प्रेस बंद ठेवा, असा हुकूम देण्याचा अधिकार भरपाई आयुक्तांना नव्हता. धोकादायक यंत्रावर काम थांबवण्याचा अधिकार कारखाना निरीक्षकाकडे होता. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ८७-ए कलम त्यासाठीच आले. एका दालनात शपथेवर सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या कार्यालयाला कळतच नाही, कारण ती कळवणे हे कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नाही. म्हणून माझ्या कार्यालयात नियम केला आहे: अपघाताच्या खटल्यात यंत्राबद्दल साक्ष झाली की तिची प्रमाणित प्रत पत्रासह डिशकडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, जाते. निकालाची वाट पाहायची नाही. प्रत्येक वेळी कारवाई होते असे नाही. पण यंत्राबद्दल आम्हाला काही ठाऊकच नव्हते, असे पुढच्या अपघातानंतर कोणाला म्हणता येत नाही.

जखमी कामगाराची मागणी महाराष्ट्रात फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारच्या सुट्टीसाठी आपण त्यांना आठवतो. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: गिरणीत जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. भरपाईचा कायदा यायला त्यानंतर एकोणचाळीस वर्षे लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळातल्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामाचे तास हा सुरक्षेचाच प्रश्न आहे. थकलेला हात उशिरा मागे येतो. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा प्रेस शॉपमधल्या पाळीचे शेवटचे तीन तास माझ्या डोळ्यांसमोर आले. आठवड्याचे तास तेवढेच राहतात, हा खुलासा मला पुरेसा वाटत नाही.

कायदा किती लोकांच्या कारखान्याला लागू होतो, तो आकडाही पाहा. १८८१ मध्ये १००, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, आणि १९४८ मध्ये वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी १०. सदुसष्ट वर्षांत तो सतत खाली आला. २०२० च्या व्यवसाय-सुरक्षा संहितेत तो परत २० झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा हा आता चर्चेचा विषय राहिलेला नाही, रोजच्या कामाचा आहे. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेलाही लागू आहेत, हे मात्र आपण पहिल्याच अर्जात ठासून मांडले पाहिजे. नाहीतर पंधरा जणांचे शॉप कायद्याबाहेर गेले, असा समज परिसरात पसरायला वेळ लागणार नाही.

या संहितांत चांगलेही आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघात सामाजिक सुरक्षा संहितेने कामाशी जोडला आहे. बेस्ट विरुद्ध अ‍ॅग्नेस या खटल्यात, ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघालेल्या ड्रायव्हरच्या मृत्यूबद्दल हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी लढवावा लागला होता. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या ड्यूटीला जाताना वाटेत गेला. त्याच्या घरच्यांच्या बाजूने अंतिम निकाल लागला जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षे! तेवढ्या काळात मुले मोठी होऊन कामाला लागतात. या निकालाचे स्वागत करताना ती बावीस वर्षे विसरता येत नाहीत.

आजाराबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यावर दुपारी स्वतंत्र सत्र आहे. दगडखाणीतला किंवा वाळूचे काम करणारा माणूस खोकत दवाखान्यात गेला की कागदावर क्षय लिहिला जातो आणि सिलिकोसिसचा पुरावा तिथेच बुजतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपायला सांगितल्या, त्या याच कारणाने. पक्षकार आला की आधी जुने एक्स-रे मागा, आणि ते त्याच्याकडेच सुरक्षित राहतील असे पाहा.

मालकांच्या बाजूने काम करणारे अनेक सहकारी इथे आहेत. तुमच्याशी मला आवर्जून बोलायचे आहे. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. भोपाळच्या वायुदुर्घटनेला तेव्हा नुकते एक वर्ष झाले होते. दिल्लीच्या गळतीत तीस हजारी न्यायालयात वकिली करणारे एक वकील गेले. त्यातूनच घातक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असल्याचे तत्त्व आले. कामगाराचा वकील अपघातानंतर येतो. तुम्ही अपघाताच्या आधीपासून तिथे असता. मालक तुम्हाला विचारून लायसन्स घेतो, ठेकेदाराचा करार करतो, संचालकांपैकी ऑक्युपायर कोण ते ठरवतो. त्याच बैठकीत प्रेसची जाळी बसली का, एवढे तुम्ही विचारलेत तर माझ्याकडे येणारी कितीतरी बोटे वाचतील. सेप्टिक टाकीत आणि गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिले, तरी माणसे अजून खाली उतरतात. भरपाईचा आकडा वाढवून हे थांबत नाही, हे आपण सगळे पाहतो आहोत.

आता अधिवेशनापुढे ठेवायचा ठराव. गंभीर धोका समोर दिसत असेल तर तो मालकाला कळवण्याचा हक्क जुन्या कारखाने कायद्यात ४१-एच कलमाने फक्त घातक प्रक्रियेच्या कारखान्यातल्या कामगारांना होता. व्यवसाय-सुरक्षा संहितेच्या १४ व्या कलमाने तो कोणत्याही आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला मिळाला आहे, आणि त्याच वेळी निरीक्षक-सुविधाकारालाही कळवता येते. या कलमाची चर्चा फार कमी झाली. माझ्या मते ते आपल्या हातात आलेले सर्वांत उपयोगी कलम आहे, कारण ते बोट जाण्याआधी वापरायचे आहे.

कामगार ते स्वतः होऊन वापरणार नाही. तो ठेकेदाराचा माणूस असतो, गावाकडून किंवा बिहार-ओडिशातून आलेला. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतील ही भीती खरी आहे. म्हणून या कलमाखाली द्यायच्या नोटिशीचा एका पानाचा मसुदा मी आणला आहे, मराठी आणि हिंदीत. ओडियातले भाषांतर कोणी केले तर हवेच आहे. यंत्राचा क्रमांक, काय बिघडले आहे, केव्हापासून, कोणाला तोंडी सांगितले, एवढे चार रकाने. नोटीस वकिलाच्या पत्त्यावरून, शक्य तिथे अनेकांच्या सहीने जावी. एक प्रत मालकाला, एक ठेकेदाराला, एक निरीक्षकाला. नोटिशीनंतर कोणाला कामावरून कमी केले तर त्याचा दावा विनामूल्य चालवायला प्रत्येक जिल्ह्यातून किमान दोन वकिलांनी नावे द्यावीत. गेट पास, यूपीआयने आलेला पगार, व्हॉट्सअ‍ॅपवरचे पाळीचे संदेश हे सगळे नोटीस देण्याआधीच जमवून ठेवावे, म्हणजे हा आमचा कामगारच नाही, असे उत्तर आले तर टिकणार नाही.

मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. चहाच्या सुट्टीत वाचा, दुरुस्त्या पेन्सिलने लिहून द्या. साडेतीन वाजता आपण तो कलम-कलम घेऊन बसणार आहोत. नावे देणाऱ्यांची वहीही तिथेच ठेवली आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या रकान्यात मी माझे नाव लिहिले आहे.