पँथर आईचा मुलगा : तुपाक शकूर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका अमेरिकन रॅप गायकावर बोलणार म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचं चुकलं नाही. रॅप म्हणजे ठेक्यावर यमक जुळवत भराभरा बोललेलं गाणं. आपल्या पोरांच्या कानात ते दिवसभर वाजतं, त्यात शिव्याही असतात. पण हा गायक कुणाच्या पोटी जन्मला, ते आधी ऐका.

अमेरिकेत १९६६ साली काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याच नावावरून १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली, हे आपण जाणताच. न्यूयॉर्कच्या पँथरांमध्ये अफेनी शकूर नावाची तरुणी होती. १९६९ साली तिला साथीदारांसह बॉम्बस्फोटाच्या कटाच्या आरोपाखाली पकडलं. खटला चालू असताना, पोटुशी असताना, ती पुन्हा तुरुंगात गेली. वकील न घेता तिनं स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये ज्युरीनं सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि १६ जूनला तिला मुलगा झाला. पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड करून १७८१ साली मारला गेलेला तुपाक अमारू, त्याचं नाव तिनं पोराला दिलं.

घरात दारिद्र्य, सारखी बिऱ्हाडं बदललेली. तरी बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो नाटक, कविता, बॅले नृत्य शिकला. पुढे आई व्यसनात सापडली. एका रॅप मंडळीत नाचणारा म्हणून हा शिरला आणि १९९१ साली त्याची स्वतःची पहिली ध्वनिफीत निघाली. तीत ब्रेंडा नावाच्या बारा वर्षांच्या गरोदर मुलीचं गाणं आहे, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून सुचलेलं. १९९५ साली ‘डिअर मामा’ आलं. आईचं व्यसन त्यानं लपवलं नाही, आणि तिचे उपकारही विसरला नाही. तोवर आई व्यसनातून बाहेर आली होती. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते गाणं जतन करण्याच्या यादीत घेतलं.

कपाळावर पुढे गाठ मारलेला रुमाल, पोटावर गोंदलेलं ‘ठग लाइफ’, ही त्याची ओळख. ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेलेला, बरं का ! लहान पोरांना द्वेष पाजाल तर तो उलटून सगळ्यांनाच बाधतो, असा अर्थ तो त्या शब्दांतून सांगायचा.

आता दुसरी बाजू. ती झाकली तर मृषावाद होईल. १९९४ साली एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. तो नाकारत राहिला, पण तुरुंगात गेला. आईसाठी, ब्रेंडासाठी गाणाऱ्याच्या नावावर हा डाग आहे. सुटून आल्यावर त्याचा राग व्यवस्थेपेक्षा दुसऱ्या काळ्या गायकांवरच जास्त निघाला. सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगास शहरात गोळ्या लागून तो गेला. वय अवघं पंचवीस ! पँथर आईनं तुरुंगातून वाचवून आणलेलं लेकरू असं गेलं.

मुलांनो, रुमाल बांधायला पैसे लागत नाहीत आणि गोंदवायला अक्कल लागत नाही. त्याच्याकडून घ्यायचं तर एवढंच घ्या : जे घरात पाहिलं, गल्लीत पाहिलं, ते न लाजता शब्दांत मांडणं. वामनदादा कर्डकांनी आपल्यासाठी आयुष्यभर हेच केलं. येत्या जयंतीला डीजेच्या भिंतीपुढे नाचण्याआधी स्वतः लिहिलेली चार कडवी या विहारात म्हणून दाखवा. मग ती रॅपमध्ये का असेनात ! आईसमोर म्हणता येतील अशी मात्र असू द्या. ऐकायला आम्ही पुढच्या रांगेत बसू.

भवतु सब्ब मंगलं ! जयभीम !