परदेशी जाताना पेटी कशी भरावी



आज मी पेटी भरण्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पेटी भरण्यात शिकायचे ते काय?" ऐका तर खरे.

आपल्या कोकणातील कितीतरी मुले दुबईला, सौदीला कामाला आहेत. मुलगा सुट्टी संपवून निघाला, की आई पेटीत काय काय भरते! लाडू, चटणी, खसखस लावलेले अनारसे. वर खसखशीची एक पुडीही टाकते. आईची माया ती! पण हीच पुडी मुलाला तुरुंगात नेऊ शकते.

ते कसे? खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ते वाण्याच्या दुकानात मिळते. पण दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे. तिथे तिला अमली पदार्थांत धरतात. "मला ठाऊक नव्हते" म्हणून सुटका होत नाही. म्हणून खसखस नको, ती घातलेला मसाला नको आणि अनारसेही नकोत. विड्याची पानेही नकोत.

आता औषधे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. दुखण्यावर ट्रॅमाडॉल नावाची गोळी देतात. अशा औषधांना अमिरातीत सरकारची परवानगी आधी काढावी लागते. इतर औषधेही मूळ वेष्टनात ठेवावीत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. सुट्या गोळ्या कागदात बांधून नेऊ नयेत.

विमानाचेही नियम आहेत. चाकू, कात्री, अडकित्ता हातपिशवीत ठेवू नका, मोठ्या पेटीत घाला. पॉवर बँक मात्र हातपिशवीतच ठेवा. सुके खोबरे नेऊच नका. त्यात तेल फार, ते लवकर पेट घेते. २०२२ पासून मोठ्या पेटीतही त्याला मनाई आहे.

परत येताना सोने किंवा महाग वस्तू आणली असेल तर लपवू नका. विमानतळावर दोन वाटा असतात. जकात भरण्याजोगे काही नसेल त्याने हिरव्या वाटेने जावे. असेल त्याने लाल वाटेने जाऊन कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगावे. लपवलेला माल जप्त होतो, दंडही बसतो.

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी सांगतो. शेजारी म्हणेल, "एवढी पुडी माझ्या भावाला दे हो." आत काय आहे ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पेटी तुमची, तर आतल्या मालाची जबाबदारीही तुमचीच. नाही म्हणताना संकोच वाटेल. पण घटकाभराचा संकोच परवडला, तुरुंग नाही.

मंडळी, मसाल्याच्या पाकिटावर आत काय घातले आहे ते लिहिलेले असते. औषधाच्या बाटलीवरही लिहिलेले असते. काल ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. आज तुम्हाला वाचता येते. पेटी भरताना एकेक वस्तू हातात घ्या, वाचा आणि मगच आत ठेवा. शंका आली, तर ती वस्तू घरीच राहू द्या.