पावलीतील परदेशी पाहुणा

(तलवाडा परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेतून आलेला एखादा परदेशी विद्यार्थी आषाढीच्या दिंडीत सामील झाला, तर तो काय शिकेल आणि त्यास पाहून आपल्या मुलांस काय शिकविता येईल, हा आजचा विषय आहे. त्वरितादेवीच्या या गावास तो दूरचा नाही. आपल्याच गेवराई तालुक्यातून संत मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी बीडला जाते. तेथे आजोबा गोविंदपंत व नात यांची भेट होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

दिंडीतील पावली दिसावयास सोपी असते. टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, मध्ये मृदंग घुमतो, आणि टाळाच्या ठेक्यावर रांगा पुढे येतात व मागे सरतात. नवखा मनुष्य प्रथम स्वतःच्या पायांकडे पाहतो आणि चुकतो. शेजाऱ्याच्या टाळाकडे त्याने कान दिला, म्हणजे पाऊल हळूहळू जुळू लागते. लहानथोर सारे एकमेकांस ‘माउली’ म्हणतात व एकमेकांच्या पाया पडतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्यास हा अनुभव मिळत नाही.

फ्रान्सहून पुण्यास आलेले अभ्यासक गी देल्युरी यांनी वारकऱ्यांबरोबर वाटचाल केली. त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंच भाषेत नेले, आणि विठ्ठलभक्तीवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. पुस्तकी अभ्यासास पायांची जोड मिळाली, ती अशी.

तथापि पाहुण्यापुढे केवळ गोड चित्र ठेवू नये. इरावती कर्वे यांनी दिंडीबरोबर चालून ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहात ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकत्र भजन करणारे वारकरी जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळे बसत, याची खंत त्यात आहे. परदेशी विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारल्यास शिक्षकाने तो टाळू नये. काय बदलले व काय उरले, हे सरळ सांगावे.

आता आपल्या वर्गाकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात व त्यांची मुलेही बरोबर जातात. उन्हाळ्याच्या तोंडी ती वर्गात परततात, तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, आणि आपल्याच शाळेत ती परकी ठरतात. परदेशी पाहुण्याचे पाऊल चुकले तर सारा गाव कौतुकाने त्याचा हात धरतो. फडावरून आलेल्या मुलाचा हात कोण धरतो, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावा.

पाहुणा येणार असेल, तर त्याचा देश आधी नकाशावर दाखवावा. त्यास मंचावर बसवून हारतुरे देण्यापेक्षा मुलांच्या रांगेत उभे करावे, आणि ठेका शिकविण्याचे काम मुलांवरच सोपवावे. त्या मुलांत फडावरून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी अवश्य असावी. ज्यास नेहमी मागचे शिकावे लागते, त्यास एक दिवस शिकविण्याचा मान मिळेल. एवढे प्रत्येक शाळेने करावे, अशी विनंती आहे.