उत्तर टोकाचा किनारा : डहाणू

कोल्हापूरच्या माणसाचा समुद्र ठरलेला आहे. आंबा घाट उतरला की रत्नागिरी, गगनबावड्याचा घाट उतरला की विजयदुर्ग आणि मालवण, आंबोली ओलांडली की गोवा. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्याला आणखी एक टोक आहे. ते आपल्यापासून इतकं लांब की पुष्कळांनी त्याचं नाव फक्त चिकूच्या संदर्भात ऐकलेलं असतं. ते टोक म्हणजे डहाणू. पालघर जिल्ह्यातलं हे गाव मुंबईच्याही पलीकडे, चर्चगेटपासून रेल्वेने १२४ किलोमीटरवर आहे. तिथून पुढे घोलवड, बोर्डी आणि झाई लागतात, आणि मग गुजरातची हद्द सुरू होते.

अंतर मोठं असलं तरी नातं अगदीच नाही असं नव्हे. डहाणू तालुक्यात विवळवेढे इथे महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेपासून तिची मोठी जत्रा भरते. डोंगरातले वारली, किनाऱ्यावरचे मच्छीमार, गावातले व्यापारी, सगळे त्या जत्रेला लोटतात. ही देवी मूळची कोल्हापूरची, फिरत फिरत इकडे आली आणि इथेच रमली, अशी कथा तिकडे सांगतात. तेव्हा आपल्या देवीला जी जागा आवडली, ती आपणही एकदा पाहायला हरकत नाही!

डहाणू स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात किनारा लागतो. रत्नागिरीच्या समुद्राची सवय असलेल्या डोळ्यांना तो प्रथम ओळखीचा वाटत नाही. इथे पाण्यात धावून आलेले डोंगरकडे नाहीत. सपाट, लांबच लांब वाळू, तिच्या काठाला सुरूच्या झाडांच्या रांगा, मधूनमधून काळ्या खडकांचे पसरट थर, आणि पार उत्तरेला बोर्डीपर्यंत सतरा किलोमीटर असाच किनारा. मागे वळून पाहिलं तर चिकूच्या गर्द वाड्या, त्यांच्यामागे भातखाचरं आणि अगदी मागे सह्याद्रीच्या निळसर रांगा. खाडीच्या तोंडाशी जुना किल्ला आहे. पोर्तुगीजांकडून तो १७३९ च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आला. देखावा म्हणाल तर एवढाच. आणि पाहुणे एवढाच पाहून परत जातात.

पण हा देखावा आपोआप झालेला नाही. तो रोजच्या कामातून उभा राहिलेला आहे, आणि त्या कामाचं घड्याळ समुद्राच्या हातात आहे. खंबायतच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. डहाणूला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की सकाळी पाहिलेला समुद्र दुपारी कुठे गेला, असा नवख्याला प्रश्न पडावा. अष्टमीच्या सुमारास हा जोर ओसरतो. त्याला मच्छीमार भांग म्हणतात. शिवाय रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा पाऊणएक तास उशिरा येते. म्हणजे आज पहाटे तीनला होडी लोटली, तर आठवड्याने तेच काम सकाळी साडेआठच्या सुमाराला जातं. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तिथीला महत्त्व असलेलं हे जीवन आहे.

मांगेला आणि माच्छी हे इथले मच्छीमार समाज. बोंबील पकडण्याची त्यांची डोल जाळी म्हणजे पाण्यात खुंटांना बांधलेली मोठी पिशवीच. ती माशांच्या मागे धावत नाही. भरतीचा प्रवाह तिच्यात मासळी आणून घालतो आणि पाणी फिरायच्या आत ती रिकामी करावी लागते. जरा उशीर झाला की कमाई आल्या वाटेने परत गेली! होडी किनाऱ्याला लागली की पुढचं काम बायकांचं. निवडणं, टोपल्या भरणं, बाजार गाठणं, आणि उरलेले बोंबील बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर जोडीजोडीने वाळत घालणं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर खेकडे, कालवं आणि शेवंड सापडतात. ज्या घरी होडी नाही, त्या घराची चूल या खडकांवर पेटते. शेतकऱ्याला जसा बांधावरचा पाला, तसा यांना हा खडक.

किनाऱ्यामागच्या वाड्यांची तऱ्हा वेगळी. चिकू हे झाड मुळात मध्य अमेरिकेकडचं. पण शंभरावर वर्षांपूर्वी ते इथे आलं, आणि इराणी, पारशी व स्थानिक बागायतदारांनी ते असं वाढवलं की २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्यासारखा चिकूचा एकच मोसम नसतो. झाडावर फूल आणि फळ एकाच वेळी दिसतं, त्यामुळे वाडीत बारा महिने कुणाच्या तरी हाताला काम असतं. लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी लावून फळ अलगद उतरवायचं, धुवायचं, लहानमोठं निवडायचं. हे हात बहुधा वारल्यांचे असतात.

वारली म्हटलं की आज आपल्याला भिंतीवरची पांढरी चित्रं आठवतात. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. पण त्या नाचणाऱ्या आकृतींमागे मोठं दुःख होतं. जमीनदाराकडे वेठीने राबायचं, आणि लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघांनी लग्नगडी होऊन जन्मभर ते फेडायचं, अशी तिथली रीत होती. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या साथीने वारली उठले, आणि ही वेठ मोडली. त्याच साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा मांडली. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. आज गावोगावच्या अंगणवाडीत आपण मुलं सोडतो, त्या कल्पनेची मुळं या मातीत आहेत.

आता या किनाऱ्यावर एक मोठा प्रश्न उभा आहे, तोही सांगितला पाहिजे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेख करणारं प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. डहाणूच्या दक्षिणेला वाढवण म्हणून गाव आहे. तिथे बंदर बांधायला या प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. पुढे २०२३ साली प्राधिकरणाने अटी घालून संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली.

वाढवणच का? तर किनाऱ्यापासून फार दूर न जाता तिथे सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते, आणि अतिशय मोठ्या जहाजांना तेवढंच पाणी लागतं. सरकारचं म्हणणं असं की यातून लाखो रोजगार होतील आणि देशाचा व्यापार वाढेल. ते म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. पण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून अधिक, भराव घालायचा आहे. मच्छीमार विचारतात, तो भराव जिथे पडेल तिथे आमची जाळी कुठे बांधायची? पाण्याचा प्रवाह बदलला तर मासळी कुठे जाईल? होडीवाल्याचं नुकसान मोजता येईल, त्याच्याकडे कागद असतो. खडकावर कालवं फोडणाऱ्या बाईकडे कसला कागद?

वाढवणच्या परिसरात आणखी एक धंदा घरोघर चालतो. दागिने ठोकण्यासाठी लागणारे पोलादी ठसे तिथले कारागीर कोरतात. त्यांच्या लहानशा ठशावरची बारीक नक्षी सोन्याच्या पत्र्यावर उमटते. हुपरीचं चांदीकाम ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना या कामाला किती नजर आणि किती वर्षं लागतात ते सांगायला नको. असा हात एका गावातून उठवून दुसऱ्या गावात लगेच रुजत नाही.

बंदर व्हावं की न व्हावं, याचा निकाल अशा भाषणातून लागत नसतो. मात्र भरपाईचा हिशेब करताना फक्त जमीन आणि होड्या मोजून भागणार नाही. ओहोटीचा खडक, मासळी वाळवायची जागा, वाडीतली बारमाही मजुरी, घरातलं ठसे कोरण्याचं हत्यार, हे सगळं त्या हिशेबात आलं पाहिजे. कारण ज्याला आपण देखावा म्हणतो, तो याच गोष्टींनी बनलेला आहे.

तुम्हाला सवड झाली तर डहाणूला जाऊन या. पावसाळा टाळा; त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दिवाळीनंतर जा, आणि जाताना पंचांगात तिथी पाहून ठेवा. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उभे राहा. सूर्यास्त तर पाहालच. पण खडकांवर वाकून काम करणाऱ्या माणसांकडेही पाहा, आणि सोयीचं असेल तर त्यांच्याशी दोन शब्द बोला. गावाची खरी ओळख तिथे होईल.