ॲप शिकणाऱ्यांसाठी कोडसंग्रहाची पारख
(बेंबळी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मोबाईलचे ॲप करावयास शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणता कोडसंग्रह हाती धरावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. गतवर्षी केवळ फुकट मिळतो म्हणून आम्ही एक संग्रह निवडला. त्याची दुरुस्ती कधीच थांबली होती. मुलांची सारी सुट्टी चुका निस्तरण्यात गेली. दोष मुलांचा नव्हे, आमच्या पारखीचा होता.

यंदा आम्ही ‘फ्लटर’ तपासला. गूगलने त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तो मुक्त-स्रोत आहे. म्हणजे त्यातील कोड कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो, मात्र परवान्याचा मूळ मजकूर सोबत ठेवावा लागतो. त्याच्या भाषांत मराठीही असल्याने तारीख निवडताना महिन्यांची नावे मराठीत दाखविता येतात. अडचण एवढीच की, ‘डार्ट’ ही भाषा नव्याने शिकावी लागते आणि जुना संगणक त्यापुढे मंदावतो.

तेव्हा परवाना, शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि चालणारे लहानसे उदाहरण, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. उतरवून घेतलेली ओळ पुसून ती पुन्हा स्वतः लिहिता आली, तरच विद्या आली असे पालकांनी समजावे.